कादंबरी खपली, दलदल मागे राहिली

ऑगस्ट २०१८मध्ये अमेरिकेतल्या पटनम या प्रकाशनसंस्थेने एका नवख्या कादंबरीकर्तीचं पुस्तक बाजारात आणलं. पहिल्या छपाईत सुमारे २८ हजार प्रती काढल्या होत्या. तिथल्या बाजारपेठेच्या मानाने हा आकडा बेताचाच. लेखिका डेलिया ओवेन्स तेव्हा सत्तरीला टेकलेल्या होत्या आणि कथा होती नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, खाऱ्या दलदलीत एकटीच वाढलेल्या एका मुलीची. पुढच्याच वर्षी ‘व्हेअर द क्रॉडॅड्स सिंग’ ही अमेरिकेतली सर्वाधिक खपाची कादंबरी ठरली. तिच्यावरचा चित्रपट आला तोवर जगभरातल्या प्रतींनी एक कोटीचा टप्पा कधीच ओलांडला होता.

निसर्गावरची कादंबरी खपत नाही, असं प्रकाशनव्यवसायात सर्रास बोललं जातं. ते बोलणं या पुस्तकाने खोटं ठरवलं. म्हणूनच ते कसं विकलं गेलं आणि विकताना त्यातलं काय मागे राहिलं, हे मराठी लेखक-प्रकाशकांनी नीट पाहायला हवं.

प्रसिद्धीची गाडी वेगाने धावली. सप्टेंबर २०१८मध्ये अभिनेत्री रीझ विदरस्पून यांनी आपल्या वाचकमंडळासाठी ही कादंबरी निवडली. पुढे त्यांच्याच निर्मितीसंस्थेने चित्रपट केला. जुलै २०२२मध्ये तो प्रदर्शित झाला आणि त्यासाठी टेलर स्विफ्टसारख्या गायिकेने गाणं लिहिलं. वाचकांपुढे ठेवलेली गोष्ट साधी होती : एक खून, एक खटला, एक परित्यक्त मुलगी, दोन तरुण. दलदल होती, पण पार्श्वभूमीला. मुखपृष्ठावरचं संध्याकाळचं पाणी, पडद्यावरचं धुकं. चित्रीकरण तर नॉर्थ कॅरोलायनात झालंच नाही. ते झालं शेकडो किलोमीटर दूरच्या लुइझियानात. एका दलदलीच्या जागी दुसरी उभी केली आणि बहुसंख्य प्रेक्षकांना त्यात काही खटकलं नाही.

यात मोठा अन्याय झाला तो पुस्तकाच्या खऱ्या ताकदीवर. ओवेन्स या प्राणिशास्त्रज्ञ आहेत. १९७४ साली त्या आणि त्यांचे तेव्हाचे पती मार्क ओवेन्स आपली चीजवस्तू विकून आफ्रिकेत गेले आणि बोट्स्वानातल्या कलहारीच्या ‘डिसेप्शन व्हॅली’त तळ ठोकून राहिले. रस्ता नाही, शेजार नाही, पाणी दूरवरून आणायचं, एक जुनी लँडरोव्हर आणि वह्या. सात वर्षं त्यांनी सिंह आणि तपकिरी तरस यांचा अभ्यास केला. तपकिरी तरस रात्री एकटाच अन्न शोधत हिंडतो, म्हणून तो एकलकोंडा प्राणी समजला जात होता. या दोघांना दिसलं ते वेगळंच. कळपातल्या माद्या एका सामाईक बिळात पिल्लं वाढवतात आणि दुसरीच्या पिल्लांसाठीही अन्न ओढून आणतात. हे निरीक्षण १९८४मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. त्याच वर्षी आलेल्या ‘क्राय ऑफ द कलहारी’ या अनुभवकथनाला निसर्गलेखनासाठीचं जॉन बरोज पदक मिळालं.

आता ही पार्श्वभूमी डोळ्यांपुढे ठेवून कादंबरीकडे पाहावं. माद्यांच्या परस्परसोबतीवर जगणाऱ्या प्राण्यांमध्ये जिने उमेदीची वर्षं काढली, ती लेखिका विचारते : अशा जातीतली एक मादी कळपाबाहेर फेकली गेली तर तिचं काय होईल? कादंबरीतली काया ही ती मादी. आई गेली, भावंडं गेली, बापही गेला. गावाने तिला ‘दलदलीतली पोर’ म्हणून दूर ठेवलं. ती समुद्रपक्ष्यांना दाणे टाकते, पिसं गोळा करते, शंखशिंपल्यांची चित्रं काढते. माणसांच्या जगात कसं वागायचं हे तिला कोणी शिकवत नाही, म्हणून ती किड्यांकडून शिकते. काजव्यांच्या एका जातीतली मादी दुसऱ्या जातीच्या मादीची लुकलुक हुबेहूब उतरवते. फसलेला नर जवळ आला की त्याला खाऊन टाकते. ही कल्पना लेखिकेची नव्हे, कीटकशास्त्राने नोंदवलेली वस्तुस्थिती आहे. पुस्तकाचा शेवट न फोडता एवढं सांगता येईल की, कायाची न्यायाची कल्पना या काजव्यांपाशी येऊन पोचते. रहस्यकथेची किल्ली निसर्गविज्ञानात आहे. ती काढून घेतली तर उरतो तो नेहमीचा खटला.

लेखिकेच्या परिचयात प्राणिशास्त्रज्ञ हा शब्द होता, नाही असं नाही. पण प्रसिद्धीचा भर प्रेम, एकाकीपणा आणि रहस्य यांवर राहिला. एवढं खपलेलं पुस्तक हातात असताना त्या किनाऱ्याबद्दल किती बोलता आलं असतं! भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात उभं राहणारं तिथलं गवत, त्याच्या मुळांशी वाढणारी मासळी आणि खेकडे, वादळाच्या लाटेचा जोर मोडणारी ती चिखलाची पट्टी. आज समुद्राची पातळी वाढते आहे, खारं पाणी आत घुसतं आहे आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर सायप्रस-पाइनची जंगलं उभ्या उभ्या मरत आहेत. करड्या, निष्पर्ण खोडांच्या या पट्ट्यांना शास्त्रज्ञ भुताची जंगलं म्हणतात. ज्या वाचकाने काया डोळ्यांत पाणी आणून वाचली, त्याला ही गोष्ट ऐकायला नको होती असं कोण म्हणेल?

निरीक्षणावर उभ्या असलेल्या पुस्तकाला चुकाही माफ नसतात. कादंबरीतली किनाऱ्यावरची माणसं खरेदीला अ‍ॅशव्हिलला जाण्याच्या गोष्टी करतात. अ‍ॅशव्हिल राज्याच्या पश्चिम टोकाला डोंगरात आहे, किनाऱ्यापासून पाचशे किलोमीटरच्या आसपास. तिथल्या वाचकांनी हे लगेच पकडलं. ज्या लेखिकेचा काजवा इतका अचूक आहे, तिच्याकडून गावाचा नकाशाही तितकाच अचूक असावा, ही अपेक्षा रास्तच आहे.

आणि माणसांचं काय? हा प्रश्न या प्रकरणात फार गंभीर आहे.

बोट्स्वानात ओवेन्स दांपत्याने गुरांच्या रोगनियंत्रणासाठी घातलेल्या लांबलचक कुंपणांवर जाहीर टीका केली. त्या कुंपणांना अडून वाइल्डबीस्टचे कळपच्या कळप पाण्यापर्यंत न पोचता मेले होते. ही टीका सरकारला रुचली नाही आणि त्यांना देश सोडावा लागला. पुढचं दशक त्यांनी झांबियातल्या नॉर्थ लुआंग्वा उद्यानात हत्तींच्या शिकारीविरुद्ध झुंजण्यात घालवलं. गावांना पर्यायी रोजगार मिळावा म्हणूनही तिथे काम झालं. मात्र १९९६मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीने या मोहिमेवर जो माहितीपट दाखवला, त्यात शिकारचोर असल्याचा संशय असलेल्या एका माणसाला गोळ्या घालून मारल्याचं दृश्य होतं. त्या माणसाचं नावही कधी जाहीर झालं नाही. २०१०मध्ये ‘द न्यू यॉर्कर’मध्ये पत्रकार जेफ्री गोल्डबर्ग यांनी या प्रकरणावर दीर्घ लेख लिहिला, आणि २०२२मध्ये चित्रपटाच्या तोंडावर झांबियाच्या अधिकाऱ्यांना ओवेन्स यांची चौकशी अजूनही करायची आहे, असं वृत्त त्यांनीच दिलं. डेलिया ओवेन्स यांच्यावर कधीही आरोप ठेवला गेलेला नाही. त्या घटनेशी आपला संबंध नसल्याचं त्यांनी सांगितलं आहे, आणि त्यांना त्यात गुंतवण्याचा हक्क कुणालाही नाही.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो एका व्यक्तीपुरता नाही. रानावर प्रेम करणाऱ्या साहित्यात रानातला गरीब माणूस कुठे उभा असतो? बऱ्याचदा तो शिकारचोर असतो किंवा वाटाड्या. त्याला नाव नसतं, भाषा नसते, पोटाची गरज नसते. निसर्गाची कादंबरी विकताना लेखकाच्या साहसाच्या कथा सांगितल्या जातात. त्याच साहसात वावरलेल्या स्थानिक माणसांचं म्हणणं कोणी विचारत नाही. प्रकाशकाने ते विचारायला हवं, आणि वृत्तपत्रांनी तर नक्कीच.

हे जमू शकतं याचा पुरावा आपल्याच देशात आहे. अमिताव घोष यांची ‘द हंग्री टाइड’ २००४मध्ये आली. सुंदरबनात इरावडी डॉल्फिनचा अभ्यास करायला आलेली तरुण शास्त्रज्ञ, तिला पाण्याच्या वाटा दाखवणारा निरक्षर मच्छीमार, आणि या दोघांच्या मागे १९७९ची मरिचझांपी. राखीव वनाच्या बेटावर वसलेल्या निर्वासितांना पश्चिम बंगाल सरकारने तिथून बळाने हुसकावलं, त्यात माणसं मेली. घोष वाघाची बाजू सोडत नाहीत आणि निर्वासिताचीही सोडत नाहीत. दोघांचं एकाच चिखलात जगणं किती अवघड आहे, हे ते दाखवतात. डॉल्फिन भरती-ओहोटीबरोबर कसे हलतात याची माहिती कादंबरीत गोष्टीच्या ओघात येते आणि तीच गोष्ट पुढे नेते.

अमेरिकेतलं दुसरं उदाहरण रिचर्ड पॉवर्स यांचं. ओवेन्स यांच्या कादंबरीच्या काही महिने आधी त्यांची ‘द ओव्हरस्टोरी’ आली आणि २०१९मध्ये तिला पुलित्झर मिळालं. तिची सुरुवात आयोवातल्या एका शेतावरच्या चेस्टनटच्या झाडापासून होते. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू यॉर्कमध्ये एक परकी बुरशी आढळली आणि पुढच्या चार-पाच दशकांत अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलांतले कोट्यवधी चेस्टनट संपले. त्या एका झाडाच्या आयुष्याला पॉवर्स एका कुटुंबाच्या पिढ्या जोडतात. त्यांची वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिशिया वेस्टरफर्ड हिच्यामागे कॅनडाच्या सुझान सिमार्ड यांच्या संशोधनाची प्रेरणा असल्याचं सर्वज्ञात आहे. झाडं जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांना अन्न पोचवतात, ही कल्पना या कादंबरीने लाखो घरांत नेली. पण २०२३मध्ये काही शास्त्रज्ञांनी ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’मध्ये बजावलं की, प्रत्यक्ष जंगलात या दाव्यांना असलेला पुरावा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच तोकडा आहे. याने कादंबरी लहान होत नाही. पुढच्या आवृत्तीला मात्र दोन पानांचं टिपण जोडता येतं, एखाद्या शास्त्रज्ञाला व्यासपीठावर बोलावता येतं, वाचकांसमोर लेखकाशी वाद घालायला लावता येतं. निसर्गाच्या कादंबरीची याहून चांगली प्रसिद्धी दुसरी कुठली असेल?

मराठीत या प्रकारची एक अव्वल कृती चार दशकांपूर्वीच लिहिली गेली आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक लहानसं, पात्रं वानरं. एका टोळीवर बाहेरचा नर चाल करून येतो, जुन्या म्होरक्याला हुसकावतो आणि मग पिल्लांची कत्तल होते. माडगूळकरांनी हे कल्पनेने रचलेलं नाही. जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळच्या जंगलात वानरांमधला हा प्रकार नोंदवला होता. पुढे सारा ब्लाफर हर्डी यांनी अबूच्या वानरांवर वर्षानुवर्षं काम करून १९७७मध्ये पुस्तक लिहिलं. अंगावर पिणारं पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते, म्हणजे नव्या नराची स्वतःची संतती लवकर जन्मते. त्या क्रौर्यामागे हा जैविक हिशेब आहे, असं त्यांचं म्हणणं. पिल्लांच्या कत्तलीला गर्दीमुळे बिघडलेलं वर्तन मानणाऱ्यांशी त्यांचा मोठा वाद झाला.

धारवाड आपल्या सीमेपासून फार दूर नाही. जगभर गाजलेल्या एका वैज्ञानिक वादाचा विषय एका मराठी लेखकाने शिकाऱ्याच्या पायांनी आणि चित्रकाराच्या डोळ्यांनी हेरला आणि त्यावर अभिजात कृती लिहिली, ही अभिमानाने सांगायची गोष्ट आहे. पण ‘सत्तांतर’ म्हटलं की आपण लगेच माणसांच्या राजकारणाकडे वळतो. शीर्षक त्या बाजूला खेचतं हे खरं. तरी वानराला केवळ पुढाऱ्याचं रूपक करून टाकणं म्हणजे माडगूळकरांनी रानात काढलेले दिवस वाया घालवणं होय. कादंबरीतलं वानर आधी वानर आहे. शाळा-महाविद्यालयांत हे पुस्तक शिकवताना मराठीच्या शिक्षकासोबत प्राणिशास्त्राचा शिक्षकही वर्गात असावा. हर्डींचं म्हणणं आणि माडगूळकरांचं पान शेजारी शेजारी ठेवलं तर मुलांना दोन्ही विषय नव्याने कळतील.

त्या उंचीच्या कादंबऱ्या नंतर हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आल्या. गो. नी. दांडेकरांनी त्याआधीच ‘माचीवरला बुधा’ आणि ‘जैत रे जैत’मधून सह्याद्रीचा डोंगर, ठाकर माणूस आणि मधमाशी यांना कादंबरीत आणलं होतं. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने धरणाखाली गेलेल्या गावांचं दुःख मांडलं. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीतल्या रानवाटांवरून मराठीला पक्षी, झाडं आणि आदिवासींचं ज्ञान आणून दिलं. २००६च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना देऊन मराठी समाजाने त्यांचा मान राखला. २०२५मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्यांची पुस्तकं आजही मागून मागून वाचली जातात. म्हणजे वाचक आहे. ललितलेखाच्या रूपात निसर्ग वाचणारा हा वाचक कादंबरीकडे वळणार नाही, असं मानायला काही आधार नाही.

कमतरता आहे ती पुस्तक लोकांपर्यंत नेण्याच्या रीतीत. शहरातलं सभागृह, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, प्रकाशनपूर्व सवलत आणि संमेलनातल्या गाळ्यावर एक फलक, एवढ्यावर आपण थांबतो. चंद्रपूरच्या जंगलावर कादंबरी लिहिली, तर तिचं प्रकाशन पुण्यात का व्हावं? मोहफुलं आणि तेंदूपत्ता वेचायला पहाटे रानात जाणारी आणि वाघाच्या भीतीने टोळीने चालणारी माणसं त्या जिल्ह्यात आहेत. वनरक्षक आहेत, जिप्सीवरचे गाइड आहेत. त्यांच्यासमोर दोन प्रकरणं वाचून दाखवायला लेखकाने धजावं. वाचक तिथवर येतील का, ही शंका प्रकाशक काढतील. भिलारला पुस्तकांचं गाव उभं राहिलं तेव्हा हीच शंका होती, आणि लोक महाबळेश्वरच्या वाटेवर थांबून पुस्तकं चाळताना दिसले.

वृत्तपत्रांच्या पुरवण्यांनाही आपला वाटा उचलावा लागेल. निसर्गावरच्या कादंबरीचं परीक्षण बहुधा साहित्याचा जाणकार लिहितो. तो भाषा तपासतो, रचना तपासतो. कादंबरीतला पळस माघात फुलला की श्रावणात, हे त्याच्या नजरेतून निसटतं. एकाच पुस्तकावर दोन परीक्षणं छापावीत, एक समीक्षकाचं आणि एक त्या भूभागावर काम करणाऱ्या अभ्यासकाचं. जागा कमी आहे ही सबब मान्य करता येत नाही. चित्रपटांना आपण याहून जास्त जागा देतो.

आणि विषयांचा तुटवडा तर मुळीच नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर पावसाळ्यात चार महिने फुलांचं राज्य असतं आणि उरलेलं वर्ष त्याला पडीक जमीन म्हणतात. सोलापूरचं माळरान हे त्याहून मोठं नाट्य. नान्नज परिसरात माळढोकसाठी १९७९मध्ये अभयारण्य जाहीर झालं. मूळ क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात, त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक चिडले, पुढे अभयारण्याचा आकार मोठ्या प्रमाणात घटवला गेला. आज माळढोक तिथे दिसलाच तर बातमी होते. पक्षी, शेतकरी, सरकारी नकाशा, मेंढरं घेऊन फिरणारा धनगर आणि त्याच्या कळपावर नजर ठेवून असलेला लांडगा, एवढी पात्रं एका माळावर आधीच उभी आहेत. ही कादंबरी जो कोणी लिहील त्याने किमान दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे तिथे काढावेत. प्रकाशकाने त्या मुक्कामाचा खर्च आगाऊ मानधन म्हणून द्यावा. हस्तलिखित छापायला जाण्याआधी ते पक्षितज्ज्ञाने वाचावं, आणि माळावरच्या मेंढपाळांना मोठ्याने वाचून दाखवावं. त्यांनी काढलेल्या चुका लेखकाने मुकाट्याने दुरुस्त कराव्यात.